तुकडीप्रमुखाच्या बटणांविषयी काही नम्र सूचना

क्लातेन,
गुरुवार, ११ ऑगस्ट

आदरणीय कांग सेत्याजी यांस,

धाकट्या मावसभावाचा वाकून नमस्कार. मावशींचा गुडघा आता कसा आहे, तुमचं पोट जकार्ताच्या पाण्याला सरावलं का, आणि तुम्ही अजून उपाशीपोटी कॉफी घेता का, हे तिन्ही कळवावं. इकडे सर्व ठीक आहे. सौ. लास्त्रीची तब्येत बरी आहे, कोंबड्या अंडी देतात, ऊस कमरेच्या वर आला आहे. सासरे रविवारपासून माझ्याशी बोललेले नाहीत. त्याविषयी पुढे येईलच.

तुमच्या कंपनीतल्या एका मुलीचा मध्ये फोन आला होता. बावन्न वर्षांचा माणूस सव्वीस वर्षांच्या माणसाला 'कांग' म्हणजे दादा का म्हणतो, असं तिने विचारलं. मी सांगितलं की तुमची आई माझ्या आईची थोरली बहीण, तेव्हा तुम्ही मला थोरले; तुम्ही जगात उशिरा आलात हा तुमचा दोष नाही. ती म्हणाली, ती बोर्निओची आहे. मी म्हणालो, हरकत नाही. तिने मला एक अर्ज पाठवला. आपली कंपनी 'सात मनोरे' या फोनवरच्या खेळातल्या तुकडीप्रमुखाची साधनं सुधारत आहे, आणि अनुभवी तुकडीप्रमुखांनी आपलं मत दोनशे अक्षरांत कळवावं, असं त्यात लिहिलं होतं. माझा मायना एकशे चाळीस अक्षरांत संपला. उरलेल्या साठात मी तब्येतीची चौकशी केली आणि अर्ज बंद झाला. म्हणून हे पत्र.

मी तुकडीप्रमुख कसा झालो हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढच्या सूचना उद्धट वाटतील. दरवर्षी सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त तालुक्यात वस्त्यावस्त्यांच्या स्पर्धा होतात, हे तुम्ही लहानपणी पाहिलंच आहे: पोत्यात पाय घालून धावणं, तेल लावलेल्या सुपारीच्या खांबावर चढणं, हात मागे बांधून दोरीवरचे पापड खाणं. (पापडांत आमची वस्ती तीन वर्षं पहिली आली. चौथ्या वर्षी आमचे पापड खाणारे पाक प्रावोतो यांनी नवे दात बसवले.) यंदा तालुक्याच्या साहेबांनी त्यात 'सात मनोरे' घातला. चौघांची तुकडी, प्रत्येकाकडे आपापला फोन, बेटावर उतरायचं, मनोरा घ्यायचा आणि भोंगा होईपर्यंत राखायचा. चौघांत एक बाई हवी आणि एक साठीच्या पुढचा हवा, म्हणजे वडीलधारी माणसं नुसती खुर्च्यांवर बसून राहणार नाहीत. त्यावर आमच्या वस्तीची बैठक झाली. अध्यक्ष पाक प्रावोतोंनी विचारलं, प्रमुख कोण होणार. सगळ्यांनी चटईकडे पाहिलं. चाळीस मिनिटं गेली. तीनदा चहा आला. मी चिटणीस असल्यामुळे इतिवृत्त लिहीत होतो, आणि लिहिण्यासारखं काही नसल्यामुळे तारीख पुन्हा गिरवत होतो. तेव्हा माझे सासरे म्हणाले, "मार्सुदी लिहितोच आहे, तर तोच करील." मी ते लिहून घेतलं. लिहिल्यावर ते ठरलं.

तुकडी अशी. सासरे, म्हणजे म्बाह कासिमिन, वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या उसाच्या गाडीचं इंजिन चालवलं. त्या गाडीतून पोरं ऊस ओढून काढायची, गाडी पुढे जाऊन परत यायची, तोवर ऊस खाऊन झालेला असायचा, इतका तिचा वेग. तुकडीची मोटार साहजिकच त्यांच्याकडे आली. ती ते त्याच वेगाने चालवतात, आणि प्रत्येक वळणावर थांबून भोंगा देतात. शत्रूला कळतं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "कळायलाच हवं. उद्या गाडीखाली आला तर?" दुसरे पाक प्रावोतो, ज्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही, त्यामुळेच ते अध्यक्ष आहेत आणि त्यामुळेच त्यांच्या अंगणात इतरांच्या चार शेळ्या आहेत. तिसऱ्या बु वारसिनी. बाजारात उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी विकतात. पहाटेपासून पाटा-वरवंटा धरल्यामुळे त्यांचा हात हलत नाही, आणि आमच्या तुकडीने आजवर मारलेले सगळे शत्रू त्यांनी मारलेले आहेत. तोंडही हलत नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

आता साधनांकडे येतो.

प्रमुखाच्या पडद्यावर खाली आठ बटणं असतात. 'हल्ला कर', 'मागे फिर', 'माझ्यामागे ये', 'गप्प', वगैरे. एक दाबलं की तो आदेश बाकी तिघांच्या पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत उमटतो. ज्याने ही वाक्यं लिहिली तो तरुण असावा आणि त्याला सासरे नसावेत. कांग, मी चोवीस वर्षांत सासऱ्यांच्या पुढे चाललेलो नाही. मशिदीला जातानासुद्धा नाही, आणि ते किती हळू चालतात हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना मी 'माझ्यामागे ये' असं लाल अक्षरांत कसं सांगू. सरावाचे पहिले चार दिवस मी एकही बटण दाबलं नाही. आम्ही बेटावर उतरत होतो, एकमेकांना वाट देत होतो आणि मरत होतो. नंतर आपल्या कंपनीने प्रमुखाला स्वतःच्या शब्दांत आदेश लिहिण्याची सोय दिली, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. मी एक रविवार खर्च करून आठही आदेश वडीलधाऱ्यांशी बोलायच्या वरच्या बोलीत लिहिले. (जकार्तात राहून वरची बोली विसरते म्हणतात. आपण विसरला नसाल अशी आशा आहे.) 'हल्ला कर' याचं मी असं केलं: आपली हरकत नसेल आणि पाय दुखत नसतील, तर सवडीने उत्तरेच्या मनोऱ्याकडे येण्याची कृपा व्हावी, शत्रूही तिकडेच येत असल्याचं कानावर आलं आहे. चौकटीत एका वेळी तीस अक्षरं मावतात, त्यामुळे आदेश पाच तुकड्यांत पोहोचला. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पहिला तुकडा वाचला आणि उरलेल्याची वाट पाहत गाडी बाजूला घेतली. पाक प्रावोतो सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, सुंदर लिहिलंय. बु वारसिनी म्हणाल्या, "प्रमुखसाहेब, तुमचं पत्र वाचून होईतो मी दोनदा मेले. पुढच्या वेळी पोस्टाने पाठवा, घरी निवांत वाचीन."

तरीही माझी पहिली सूचना हीच की चौकट मोठी करावी.

दुसरी सूचना 'मान्य' या बटणाविषयी. प्रमुखाने आदेश दिला की प्रत्येकाच्या पडद्यावर 'मान्य' असं बटण येतं, आणि त्याने ते दाबलं की प्रमुखाला त्याच्या नावापुढे हिरवी खूण दिसते. कल्पना चांगली आहे. पहिल्या फेरीत मी दक्षिणेच्या मनोऱ्याचा आदेश दिला (पाच तुकड्यांत), आणि काही क्षणांत तिन्ही खुणा हिरव्या झाल्या. इतका आनंद मला चिटणीस म्हणून कधी झाला नव्हता. मी दक्षिणेला गेलो. मनोऱ्यात दोन जिने चढल्यावर मागे पाहिलं तर कुणी नव्हतं. पुढे शेजारच्या वस्तीची तुकडी होती, जिची प्रमुख तालुक्याच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टरीण आहे. तिने मला एका गोळीत मारलं आणि वर विचारलं, "पाक मार्सुदी, एकटेच?" सामन्यानंतर मी तिघांना, कुणालाही दोष न देता, विचारलं. पाक प्रावोतो म्हणाले, "मी मान्य दाबलं होतं. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, नाही कसं म्हणायचं?" मी म्हणालो, पण आला नाहीत. ते म्हणाले, "नाही म्हणालो नाही ना." बु वारसिनी म्हणाल्या, त्यांना वाटलं दोन बाप्ये जातायत, मध्ये आपण कशाला. सासऱ्यांचं म्हणणं असं की संदेश मिळाल्याची पोच देणं हा इंजिनवाल्याचा धर्म आहे. गाडी सुटणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला वाफ लागते.

यात कुणाचंच चुकलं नाही. चुकलं बटणाचं. 'मान्य' एकच आहे. ती तीन बटणं हवीत: ऐकलं, मान्य आहे, आणि निघालो. जकार्तातल्या तुमच्या सहकाऱ्यांना ही तीन वेगळी वाटणार नाहीत. आमच्याकडे पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये कधीकधी वर्षं जातात. वस्तीच्या नाल्याचं काम दोन हजार सतरा साली सर्वांना मान्य झालं आहे.

तिसरी सूचना लहान आहे. प्रमुखाने नकाशावर खूण केली की बाकीच्यांच्या पडद्यावर एक हात उमटतो आणि तर्जनीने ती जागा दाखवतो. सासऱ्यांनी पहिल्यांदा तो हात पाहिला तेव्हा विचारलं, "हा कुणाचा हात?" मी म्हणालो, कंपनीचा. ते म्हणाले, "कंपनीला कुणी शिकवलं नाही वाटतं. मोठ्यांना अंगठ्याने दाखवायचं असतं." कृपया तर्जनी मिटवावी आणि तिच्या जागी अंगठा चितारावा. चित्रकाराला अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसऱ्या फेरीपासून आम्ही जिंकू लागलो, आणि त्याचं श्रेय कुठल्याही साधनाला नसून बु वारसिनींना आहे, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. झालं असं की पुलाजवळ मला मोटार हवी होती. सासऱ्यांना सांगणं शक्य नव्हतं. मग मी माइकवर बु वारसिनींना म्हणालो, बु, पुलाशी कुणी गाडी आणली तर किती बरं होईल, नाही का. त्या म्हणाल्या, "मला काय सांगता? मला सायकल येत नाही." मी म्हणालो, मी 'कुणी' म्हणालो. त्या म्हणाल्या, "कुणी म्हणजे कोण? चौघंच तर आहोत." थोड्या वेळाने लांबून भोंगा ऐकू आला. सासरे पुलाशी आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांचं ते आले होते, आणि दोन वळणांचे दोन भोंगे देऊन आले होते. त्यानंतर मी सगळे आदेश बु वारसिनींनाच दिले. बु, उत्तरेला कुणी लक्ष ठेवलं तर. बु, झाडामागे कुणी बसलं तर. दोन फेऱ्यांनंतर त्या म्हणाल्या, "लेकीला बोलून सुनेला ऐकवणारी माझी सासूसुद्धा दिवसातून एवढ्या वेळा बोलत नव्हती." पण आम्ही त्या दोन्ही फेऱ्या जिंकलो. तेव्हा माझी चौथी आणि मुख्य सूचना: माइकला सध्या दोनच सोयी आहेत, सर्वांशी बोलणं आणि एकाशीच बोलणं. तिसरी हवी. एकाशी बोलायचं आणि दुसऱ्याने ते चुकून ऐकायचं. ही सोय दिल्यास आपला खेळ संपूर्ण मध्य जावात चालेल, असं मला वाटतं.

आता रविवार.

उपांत्य सामना तालुक्याच्या सभागृहात होता. चार तुकड्या, त्यातल्या दोन अंतिम फेरीत जाणार. प्रत्येक तुकडी एका बाकावर, समोर मोठा पडदा, आणि लोकांना मजा यावी म्हणून प्रमुखांचे माइक सभागृहाच्या कर्ण्यांना जोडलेले. याची सूचना मला दिली गेली होती. मी 'मान्य' म्हटलं होतं. सामना शेवटाला आला तेव्हा मधला मनोरा रिकामा होता, बु वारसिनी डोंगरावर होत्या, पाक प्रावोतो शत्रूच्या एका माणसाला दारातून आधी जाऊ देऊन मेले होते, आणि मी जखमी होऊन विहिरीमागे होतो. मनोऱ्यापासून सगळ्यात जवळ सासरे होते. ते मोटारीत होते, मोटार पुलावर उभी होती, आणि ते माइकवर एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची हकीकत सांगत होते, जेव्हा इंजिन रुळावरून उतरलं आणि त्यांनी ते सोळा जणांच्या आणि दोन रेड्यांच्या मदतीने परत चढवलं. ती हकीकत चांगली आहे. मी ती पुष्कळदा ऐकली आहे. पण तिच्यामुळे शत्रूच्या पावलांचा आवाज येत नव्हता. मी म्हणालो, बु, मनोऱ्यात कुणी गेलं तर. बु म्हणाल्या, "मला आता कुणी, कोण, काही कळत नाही, मला ते रेडे ऐकू येतायत." घड्याळात पंधरा सेकंद उरले होते. सासरे दुसऱ्या रेड्याच्या नावापर्यंत आले होते.

मी ओरडलो. खालच्या बोलीत, ज्या बोलीत माणूस कोंबड्यांशी बोलतो. शब्द इथे लिहीत नाही. त्याच वेळी माझा अंगठा घसरून 'गप्प' या बटणावर पडला, आणि सासऱ्यांच्या पडद्यावर तो आदेशही लाल अक्षरांत उमटला. (माझे वरच्या बोलीतले आदेश शनिवारच्या अपडेटमध्ये पुसले गेले होते. हा आपला दोष नाही.) सभागृहात साडेतीनशे माणसं होती. कर्ण्यांनी ते शब्द भिंतींपर्यंत नेले आणि परत आणले. सासरे वाक्याच्या मध्येच थांबले. मोटारीतून उतरले. आणि ज्या माणसाला मी कधी धावताना पाहिलं नाही, तो पडद्यावर धावला, मनोऱ्यात शिरला, दार लावून घेतलं आणि भोंगा होईपर्यंत आत उभा राहिला. आम्ही दुसरे आलो. अंतिम फेरी येत्या रविवारी आहे. टाळ्या वाजल्या, पण बसून वाजवतात तशा. सासऱ्यांनी फोन खिशात ठेवला, टोपी नीट केली आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेले.

तेव्हापासून घरात शांतता आहे. सासरे जेवतात, अंगण झाडतात, कबुतरांना दाणे घालतात. बोलत नाहीत. माझ्याशीच नव्हे, कुणाशीच. लास्त्रीने मला विचारलं, "बाबांना काय म्हणालात ते एकदा म्हणून दाखवा." मी म्हणालो, तुझ्यासमोर ते शब्द तोंडातून निघणार नाहीत. ती म्हणाली, "अख्ख्या तालुक्यासमोर निघाले." सोमवारी सकाळी मी चांगले कपडे घालून त्यांच्यासमोर बसलो, ईदला बसतो तसा, आणि त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकून क्षमा मागितली. वरच्या बोलीत, तिच्यातही वरच्या बोलीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो थोडा वेळ तिथे राहिला. मग त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि बोट ओठांवर ठेवून उठून गेले. पाक प्रावोतो मध्यस्थीला आले. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, राग गेला का, आणि सासऱ्यांनी मान हलवली; नंतर विचारलं, राग आहे का, आणि सासऱ्यांनी तशीच मान हलवली. पाक प्रावोतो म्हणाले, दोन्ही उत्तरं चांगली आहेत. मंगळवारी लास्त्रीने वडिलांना माळ्यावरून आपली लोखंडी पेटी काढताना पाहिलं. तिचा थोरला भाऊ वोनोगिरीला असतो, आणि सासरे रागावले की तिकडे जातील असं ती चोवीस वर्षं म्हणत आली आहे. ते आजवर गेले नाहीत, कारण आजवर मी काही बोललो नव्हतो. कांग, हे घर त्यांचं आहे. अंगणातला प्रत्येक दगड त्यांनी लावला आहे. ते माझ्यामुळे यातून गेले तर मी यात कसा राहू, हे मला कळत नाही, आणि लास्त्रीने अजून ते मला विचारलेलं नाही, हे जास्त वाईट आहे.

असो. साधनांविषयीच्या माझ्या चार सूचना वर आल्या आहेत: मोठी चौकट, तीन 'मान्य', अंगठा आणि चुकून ऐकू येणारा माइक. त्यांवर आपल्या सवडीने विचार व्हावा. मावशींना माझा नमस्कार सांगावा. कॉफीच्या आधी काहीतरी खात जावं, केळं चालेल.

आपला धाकटा,
मार्सुदी

ता. क. एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. आपल्या नव्या साधनांत प्रत्येक सामन्यानंतर खेळ आपला आपणच 'सामन्यातील सर्वोत्तम आदेश' निवडतो आणि त्याची आवाजासकट चित्रफीत करून ठेवतो, मागे फटाके घालून. रविवारच्या सामन्यातून त्याने माझा निवडला आहे. तालुक्याच्या साहेबांनी ती सोळा तारखेला, सगळ्या वस्त्या जमतील तेव्हा, मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं आहे. मी त्यांना भेटून सर्व बाजूंनी बोललो. ते म्हणाले, आवडल्याबद्दल आभार. ही चित्रफीत आपल्या कंपनीच्या यंत्रावर आहे, तेव्हा ती आपणच काढू शकता. खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. शोधायला सोपं जावं म्हणून शब्द लिहितो, एकदाच: ए म्हाताऱ्या, मरू देत तुझे रेडे, उतर आणि पळ. वाचून झाल्यावर पत्राचा हा भाग फाडावा.

ता. क. २. पाकीट बंद करणार तेवढ्यात सासरे आले आणि त्यांनी आपला फोन माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर अजून लाल अक्षरं होती. आदेश: गप्प. देणारा: मार्सुदी. स्थिती: चालू. त्याखाली त्यांनी आपल्या पेटीतून काढलेलं इंजिनवाल्यांचं जुनं नियमांचं पुस्तक उघडून ठेवलं आणि एका ओळीवर अंगठा ठेवला. ज्याने थांबण्याची खूण दिली, त्यानेच ती उठवली पाहिजे. कांग, मला माहीत नव्हतं की तोंडी दिलेला 'पळ' हा आदेश मनोऱ्यात पोहोचलं की संपतो, पण बटणाचा 'गप्प' प्रमुखाने मागे घेतल्याशिवाय संपत नाही. मी 'आदेश मागे' दाबलं. लाल अक्षरं गेली. सासऱ्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मंगळवारच्या चहात साखर नव्हती." मग ते पाऊण तास बोलले. त्यातलं मुख्य असं की तीन आठवडे मी त्यांच्याशी काय बोलत होतो हे त्यांना काही केल्या कळत नव्हतं, आणि रविवारी पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, "लग्नाचं विचारायला यायचास तेव्हाही तू असाच बोलायचास. आठ महिने मला वाटत होतं तू मागची खोली भाड्याने मागतोयस. म्हणून मी सांगत होतो, रिकामी नाही, घरच्याच माणसाला देणार आहे, दुसरीकडे बघ." मी ते सगळं लास्त्रीविषयी समजलो होतो. लास्त्री स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने बाहेर येऊन आमच्या दोघांकडे पाहिलं आणि परत आत गेली. तेव्हा वरच्या चारही सूचना रद्द समजाव्यात. पाचवी एवढीच की 'गप्प' हा आदेश आपोआप संपावा, फार तर एका जेवणाने. चित्रफीत काढू नये. सासऱ्यांना सोळा तारखेला ती पुढच्या रांगेत बसून पाहायची आहे, आणि एक प्रत वोनोगिरीला पाठवायची आहे.

ता. क. ३. रविवारी अंतिम फेरीत मी त्यांच्याशी त्याच बोलीत बोलावं, अशी सासऱ्यांची इच्छा आहे. मी 'मान्य' म्हटलं. आज दोनदा उसात जाऊन सराव करून आलो. 'ए' पर्यंत येतो, मग तोंड आपोआप क्षमा मागतं. आपण नात्याने थोरले आहात. मला एका ओळीची आज्ञा लिहून रविवारपूर्वी पाठवावी. साधी, लहान. तिच्यात 'कृपया' घालू नये.